उजवीकडचा आरसा

हिरवा ठिपका. मसुराच्या दाण्याएवढासुद्धा नाही – उजवीकडच्या आरशाच्या खाली, काचेच्या काळ्या कडेवर, वाळून टणक झालेला. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून नखानं खरवडून पाहिलं. ढिम्म हलला नाही. हा आपल्या फाटकाचा रंग. फाटक हिरवं होतं ते लेक शाळेत जायची तेव्हा. पुढे ते करडं झालं, मग गंजलं, मग काढूनच टाकलं… म्हणजे एवढी वर्षं हा इथं होता, यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, आणि आपल्याला पत्ता नाही! परक्याची गाडी असती तर गोष्ट वेगळी. डावीकडच्या आरशाचा टवका न् टवका तिला पाठ होता, कुठला कधी उडाला आणि तेव्हा कोण कोणावर ओरडलं होतं, यासकट.

"काकू, आरशात बघायचं असतं, आरशाकडे नाही," खिडकीशी वाकून मास्तर म्हणाले.

मास्तर गाडी शिकवायचे. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता आणि तो ते इतक्यांदा दाबायचे की शिकणाऱ्यांनी त्यांचं नाव ब्रेकमास्तर ठेवलं होतं. आज परीक्षा तिच्या घरच्या गाडीतून. तिथं जादा ब्रेक नाही, आणि मास्तरांना आत बसायची परवानगीही नाही, त्यामुळे त्यांचा पाय बाहेर उभ्या उभ्याच जमीन दाबत होता.

"चौकात काय करायचं?"

"उजवीकडे बघायचं."

"बास. एवढं एक करा, बाकी सगळं तुम्हाला येतं."

बाकी सगळं येतं… हे खरंच होतं. क्लच, गिअर, चढावर गाडी धरणं, रिव्हर्समध्ये दोन खांबांमधून काढणं – आठवड्याभरात आलं, मास्तर स्वतः म्हणाले, या वयात कमाल आहे. एक मान तेवढी उजवीकडे वळायची नाही. वळायची नाही म्हणजे दुखायची, अडायची असं नाही. तिला तसं सुचायचंच नाही. चौक आला की मान आपली आपण डावीकडे, आणि तोंडातून शब्द – चला. मागच्या खेपेला परीक्षेत तेच झालं होतं. साहेबांनी हँडब्रेक खेचला, गाडी आचका देऊन थांबली, आणि नाकासमोरून एक अख्खा ट्रक गेला. साहेब ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, तो उजवीकडून येत होता."

कसं सांगणार त्यांना? उजवी बाजू माझी नव्हतीच कधी.

यांचा डावा डोळा लहानपणापासून नावाला. लग्न झाल्यावर पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा, किल्ली फिरवायच्या आधी, ते म्हणाले होते, "हे बघ, डावीकडचं मला काही दिसत नाही. तेवढं तू बघायचं." एवढंच. इतर नवरे पहिल्या दिवसांत बायकांना काय काय सांगत असतील, तिला हे. आणि तिनं मान डोलावली – दुधाकडे लक्ष ठेव म्हटल्यावर डोलवावी तशी. त्या दिवसापासून प्रत्येक चौकात, प्रत्येक वळणावर, कोणाच्याही अंगणातून गाडी बाहेर काढताना तिनं डावीकडे बघायचं आणि म्हणायचं, चला. काही येत असलं तर – थांबा. उजवीकडचं ते बघायचे. यात बोलण्यासारखं काही नव्हतं, कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे, गावोगाव, शिंप्यांकडे, शिवणवर्गांत, कापडाच्या कारखान्यांत. मागच्या सीटवर पट्टे, चाकं, तेलाच्या बुधल्या, आणि डाव्या सीटवर ती. लोकांना वाटायचं हौशी जोडपं आहे. थोरली जाऊ तर तोंडावर म्हणायची, बाईसाहेबांना घरी करमत नाही. म्हणू दे.

भांडणं व्हायची. अबोला तर असा की मशीनच्या सुया मागायच्या झाल्या तरी ते बोटानं दाखवायचे. पण तो एक शब्द अबोल्यात धरायचा नाही, हे न ठरवताच ठरलेलं होतं. तोंड फुगवून, काचेला कपाळ लावून बसलेली असायची, डोळे रडून लाल – आणि चौक आला की, चला. लगेच पुन्हा गप्प. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

मग गेल्या वर्षी चांगल्या डोळ्याचा पडदा सुटला. दोनदा ऑपरेशन झालं. आता उजेड कळतो, दारात कोणी उभं राहिलं तर सावली कळते, बस. हात मात्र शाबूत. परवा शेजारणीचं मशीन त्यांनी गॅलरीत बसून नुसतं चाचपून उघडलं, जोडलं, आणि पट्ट्याला बोट लावून म्हणाले, "हां, आता बोलतंय नीट." पण लोकांची मशीनं गॅलरीत चालत येत नाहीत. आणि धाकटे दीर म्हणतात, वहिनी, उभी गाडी कुजते, मी घेऊन जातो, तुम्हाला कुठं जायचं असलं की हाक मारा. भले आहेत बिचारे. उद्या सकाळी यायचे आहेत किल्ली घ्यायला. तिनंच शब्द दिला होता – या वेळी नाही जमलं तर न्या.

गाडी गेली की हे गॅलरीत बसणार. रोज. कायमचे. तिला ती खुर्ची दिसते, खुर्चीच्या हातांवर ठेवलेले त्यांचे हात दिसतात.

आत्ता ते पलीकडे शेडखाली बाकावर बसले होते, मांडीवर अवजारांची पिशवी. "ती कशाला?" सकाळी तिनं विचारलं होतं. "परस्पर शिवणवर्गात जाऊ की. तीन मशीनं पडून आहेत त्यांची." "अहो, आधी पास तर होऊ दे!" "मग काय होणार नाहीस?" असं म्हणून बूट शोधायला लागले. या माणसाचं काय करावं…

साहेब आले. सर्दीनं बेजार, एका हातात कागद, दुसऱ्यात रुमाल. तेच साहेब. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पट्टा लावला आणि डावा हात वर करून खिडकीवरची मूठ घट्ट धरली. ओळखलं होतं तर.

"चला बाई. बाहेरच्या रस्त्यानं घ्या."

गाडी निघाली. सरळ, न अडखळता. दवाखाना, मग भिंत, मग रंगाचं दुकान, त्याच्या पुढे तारेचं कुंपण – डावीकडचं सगळं ओळखीचं, एकामागून एक भेटत जाणारं. पुढे चौक. दिवा नाही, पोलीस नाही. तिनं गाडी थांबवली. मान डावीकडे गेली. रिकामा रस्ता. आणि ती स्पष्ट म्हणाली,

"चला."

साहेबांनी रुमाल खाली घेतला. "कोणाला म्हणताय?"

कोणाला! चला म्हटलं की गाडी निघते… इतकी वर्षं निघत आली. आत्ता नाही निघाली. शब्द सीटवर पडून राहिला आणि कोणी उचलेना – उचलायचा तो पाय तिचाच होता, क्लचवर थांबलेला. हे तिला कळलं आणि तिनं मान उजवीकडे वळवली, अख्खी, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत. मानेत कुठंतरी कट्कन वाजलं.

उजवीकडे रस्ता होता.

लांबच्या लांब, उतरत गेलेला, दोन्ही कडांना झाडं, झाडांखाली सायकलींचं दुकान, वरच्या मजल्यावर केस वाळवत बसलेली एक बाई, तिच्यामागे उघडं दार, दारातून दिसणारी दुसरी खिडकी, आणि त्या खिडकीत आभाळ. एवढं सगळं! हे तिनं पाहिलं नव्हतं असं नाही. जाताना जी उजवी, ती येताना डावी, तेव्हा परतताना केव्हातरी तिच्याच बाजूला हे सगळं आलं असणार. पण येताना ते, जाताना हे. अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी. दोन्ही बाजू एकदम कधी नाहीत. तिनं डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. कोणी काही काढून घेत नव्हतं. रस्ता एवढा रुंद असतो? आणि मध्ये मी… अगं बाई, बरोबर मध्ये मी.

मागून हॉर्न वाजला.

"बाई, जायचं का?" साहेब म्हणाले. "का इथंच राहायचं?"

"जायचं," ती म्हणाली, आणि गेली.

पुढचं तिला धड आठवत नव्हतं. वळणं घेतली, खांबांमधून गाडी काढली, प्रत्येक चौकात मान दोन्हीकडे फिरवली, इतकी की शेवटी साहेब म्हणाले, पुरे, आता समोरही बघा जरा. गाडीतून उतरताना त्यांनी कागदावर सही केली आणि शिंकले. मास्तरांनी टाळी वाजवली. तासाभरानं ऑफिसच्या खिडकीतून लायसन्सचं कार्ड मिळालं, कोमट, नुकतंच छापलेलं. त्यावरचा तिचा फोटो काही चांगला नव्हता, डोळे जरा जास्तच उघडे. पण खाली तिचंच नाव, दुसऱ्या कोणाचं नाही. तिनं ते यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं कडा चाचपल्या, चारही.

"गुळगुळीत आहे," ते म्हणाले. "माझ्या वेळी पुठ्ठ्याचं होतं. चल, शिवणवर्ग बंद व्हायच्या आत पोचू."

आणि ते निघाले गाडीकडे, बॉनेटवरून हात फिरवत, थेट उजव्या दारापाशी. हात कडीवर पडला. तिथंच थांबले. ती मागे उभी होती. त्यांनी कडी सोडली. मग बोटं पुढे सरकली, आरशाच्या कडेवरून, आणि बरोबर त्या ठिपक्यावर टेकली. सवयीनं टेकावीत तशी.

"फाटक रंगवताना उडाला होता," ते म्हणाले. "तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही." आणि वळसा घालून डाव्या दाराकडे गेले.

ऑफिसच्या फाटकाशी तिनं गाडी थांबवली. पुढे मोठा रस्ता. उजवीकडे – एक हातगाडी, लांब. डावीकडे बघायला मान वळवली, आणि मध्ये त्यांचा चेहरा आला.

पाठ टेकून बसले होते. पिशवी मांडीवर. डोळे समोर, उघडे, न बघणारे. चेहऱ्यावर काळजीची रेघ म्हणून नाही. आणि तिच्या लक्षात आलं, गाडी निघायच्या क्षणीचा हा चेहरा आपण कधीच पाहिलेला नाही. त्या क्षणी आपली मान नेहमी दुसरीकडे.

"अहो."

"हं."

"मी चला म्हणायचे ना… तुम्ही एकदा तरी बघून घ्यायचात की नाही? आपलं खात्रीला?"

"कशानं?" ते म्हणाले. आणि हसले.

कशानं! खरंच, कशानं? साधी गोष्ट. ती इतकी वर्षं समोर होती… मी आपली म्हणत आले, आम्ही काय, बाजूला बसणारे. पेंगत बसले, रुसून बसले, पोटात लेक होती तेव्हा ओकाऱ्या आवरत बसले, आणि या माणसानं प्रत्येक चौकात, माझ्या एका शब्दावर, न बघता पाय दाबला. मी चिडलेली असताना. लेक मागे झोपलेली असताना. मला कधी भीती वाटली नाही, कारण गाडी ते चालवत होते. त्यांना? त्यांना का नाही वाटली? माझ्या आवाजात असं काय होतं? मला तर माझ्या आवाजात कधी काही दिसलं नव्हतं. आता उजवीकडचं मी बघायचं, डावीकडचं मी बघायचं, आणि हे बसलेत, शिवणवर्गातल्या मशीनांचा विचार करत, बोटं पिशवीवर वाजवत…

"थांबलीस का गं?"

"बघते आहे."

"बघ, बघ. सावकाश."

ती पुढे वाकली, त्यांच्या चेहऱ्यापलीकडचा रस्ता पाहिला. कोणी नव्हतं. पुन्हा पाहिला. उजवीकडची हातगाडी अजून लांबच होती. सगळा रस्ता, दोन्ही कडांसकट, तिच्यासमोर पडला होता, आणि तो शब्द, हजारदा सहज टाकलेला, तिच्या तोंडात आला तेव्हा तिला वाटलं, हा आपण उच्चारायचा कसा… केवढा आहे हा.

"चला," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली. माझा पाय अजून क्लचवरच होता.