नऊशे गुलाम आणि एक घोडा

प्रूफं तपासणाऱ्या बाईंची एक वही होती. कादंबरीत येईल त्याचं नाव, डोळ्यांचा रंग, कपडे त्या वहीत टिपून ठेवायच्या. नाहीतर दुसऱ्या प्रकरणात मेलेला सेनापती नवव्यात जेवायला हजर. या लेखकमहाशयांच्या बाबतीत तसं दोनदा झालंही होतं.

आता चौथा खंड. त्यात राजपुत्र नऊशे गुलाम मुक्त करतो. बाईंच्या वहीत राजपुत्राच्या घोड्याचं नाव होतं, घोड्याच्या आईचं होतं, तलवारीची तर तीन होती. गुलामांपैकी एकाचंही नव्हतं. सकाळी साखळ्या तुटल्या, चार पानं भाषण झालं, नऊशेच्या नऊशे गुडघ्यांवर बसून रडले आणि संध्याकाळी पाच हजार पाहुण्यांची मेजवानी झडली. बाईंनी समासात विचारलं, ‘स्वयंपाक कोणी केला?’

लेखक तरातरा छापखान्यात आले. “अहो बाई, त्यांनीच केला असेल! कृतज्ञता म्हणून काही असतं की नाही?”

“सकाळी सुटले नि संध्याकाळी परत चुलीपुढे?”

“आनंदाने! आणि गुलाम म्हणजे वातावरण हो. त्या काळी असायचेच.”

“काळ तुम्हीच रचलाय. त्यात झाडं बोलतात. झाडांनासुद्धा नावं आहेत.”

बाई एरवी मोजकंच बोलत, पण आज राहवलं नाही. त्यांची आजी नवव्या वर्षी एका नवरीच्या सामानाबरोबर आंदण म्हणून परक्या घरी गेली आणि चाळीस वर्षं तिथे ‘ए’ होती. वेठबिगारी बंद करणारा कायदा आला तेव्हा मालकाने अंगणात माणसं जमवून तिच्या मुक्ततेवर तासभर भाषण ठोकलं आणि घसा कोरडा पडल्यावर म्हणाला, “ए, चहा टाक.” आजी हे हसत सांगायची. बाईंना मात्र कधी हसू आलं नाही. आजीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. ते एकदा तरी छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

“वा! नाव काय हो आजींचं?” लेखकांनी विचारलं. ते कोणीतरी विचारलं, यानेच बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सांगितलं.

आठवड्याने सुधारलेली पानं आली. त्यात आजीच्या नावाची एक म्हातारी दासी होती. ती मेजवानी रांधत होती, राजपुत्रावर सुटलेला बाण छातीवर झेलत होती आणि ‘धन्य झाले, मालक!’ म्हणून हसत मरत होती. सगळा कारभार साडेपाच ओळींत आटोपला होता. मागच्या खंडात घोड्याच्या पायात काटा मोडला, तेव्हा तो दोन पानं कण्हला होता.

लेखकांचा फोन आला. “झालं ना समाधान? नाव दिलंय हो!”

बाईंनी फोन ठेवला. त्यांनी पुन्हा एकदा आजीचं छापील नाव वाचलं, त्यावरून बोट फिरवलं. फार सुंदर दिसत होतं. मग लाल पेनाने ते खोडलं आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘नाव परत नेत आहे. बाण झेलायला घोडा घ्यावा, त्याला नाव आहेच.’