बेटावर कोण ऐकतंय

विमानाचं एक इंजिन समुद्रावर बंद पडलं आणि वैमानिकाने ते वाटेतल्या एका बेटावर उतरवलं. सगळे सुखरूप होते. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण साईप्रियाला ते उशिरा कळलं. आधी कळलं ते एवढंच:

"साई, आम्ही उतरलोंत, पण ऑस्ट्रेलियात नाही. येथे नुस्ते नारळ आणि"

आणि फोन तुटला.

*

आणि काय, यावर विचार करायला तिला सवड नव्हती. साईप्रिया तंजावरजवळच्या ओरत्तनाडूला गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. त्या क्षणी तिचा उजवा हात खांद्यापर्यंत एका गाईच्या आत होता आणि फोन गाईच्या मालकाने तिच्या कानाशी धरला होता. वासरू बाहेर आलं. मालकाने विचारलं, घरी सगळं ठीक ना? ती म्हणाली, आई-अप्पा कुठल्याशा बेटावर आहेत. मालक म्हणाला, बेटावरसुद्धा विमान उतरतं, आपल्या तंजावरला फक्त वायुसेनेचं.

*

आई-अप्पा निघाले होते तिचं लग्न पक्कं करायला. मुलगा हरिप्रसाद, राहणार ऑस्ट्रेलिया. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मुलीकडचेच घर बघायला चालले होते.

साईप्रियाला हे लग्न नको होतं. तिला ओरत्तनाडू हवं होतं, तिथल्या गाई हव्या होत्या, संध्याकाळी मोपेडवरून कालव्याच्या काठाने घरी येणं हवं होतं. पण तंजावरच्या मराठी घरांत आलेल्या स्थळाला कुणी तोंडाने नाही म्हणत नाही. घरं मोजकी. आज ज्याला नाही म्हणाल तो उद्या तुमच्या भावाचा सासरा होतो. म्हणून नाही म्हणायचं काम पत्रिकेवर सोपवतात, नाहीतर अंतरावर, नाहीतर देवावर.

पत्रिका जुळली. अंतराचं कुणाला काही वाटलं नाही. राहिला देव.

त्याने इंजिन बंद पाडलं. साईप्रियाने हात धुतले, आणि आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर पुन्हा एकदा धुतले.

*

दुसरा फोन ती घरी पोचल्यावर आला, बेटावरच्या वायफायवरून. आई, म्हणजे भुवनेश्वरी, या वेळी बराच वेळ बोलली. धावपट्टीच्या कडेला पत्र्याची शेड आहे, सगळ्यांना तिथेच बसवलंय. दुसरं विमान उद्या येणार. शेजारच्या सीटवरची बाई फार चांगली, पांढरे केस बारीक कापलेले, जीन्स घातलेली, इंग्रजीशिवाय बोलत नाही, पण बिस्किटं देते.

आणि अपशकुन तर झालाच आहे, आई म्हणाली. ती आणि अप्पा सकाळपासून या स्थळाबद्दलच बोलत होते. त्या मुलाचं फोटोतलं हसू टूथपेस्ट विकल्यासारखं. त्या घरात कुत्रा सोफ्यावर बसतो. एवढ्या लांब मुलगी पाठवायची आईला मुळात इच्छाच नव्हती, आणि अप्पांनी होकार दिला तो यंदा दुसरं कुणी विचारलं नाही म्हणून.

"हे सगळं विमानात बोललात?" साईप्रियाने विचारलं. तमिळमध्ये. घरात आई-वडील मराठी बोलत, तिला सगळं कळे, उत्तर ती तमिळमध्ये देई.

विमानातच बोललो, मराठीत, आई म्हणाली, आणि यात विचारण्यासारखं काय हे तिला कळेना. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर, बसमध्ये शेजारणीच्या कानाशी, मराठीत काहीही बोलावं. तंजावरात मराठी म्हणजे दार लावून घेतलेली खोली. ती खोली घेऊनच ही माणसं बाहेर पडतात.

साईप्रियाने लगेच विचारलं की मग त्यांना नाहीच म्हणून का सांगत नाही. आईने आवाज खाली आणला. आपण कसं म्हणायचं? अपशकुनाचं कळलं की तेच म्हणतील. तू जेव आणि

पुन्हा तुटला.

साईप्रिया जेवली. चांगली जेवली.

*

तिसरा फोन अनोळखी नंबरवरून.

"साईप्रिया कां गो? मी गंगाबाई. हरीची आत्या. तुझ्या आईच्या शेजारी बैसले आहे, सकाळपासून."

जीन्समधली बाई.

ती चेन्नईची, भावाकडे निघालेली. हरिप्रसादच्या घरच्यांनी सांगितलं होतं की आत्याही येणार आहे, कधी ते सांगितलं नव्हतं. सकाळपासून तिने सगळं ऐकलं होतं. हसू, सोफा, कुत्रा. आणि आत्ताच तिने आई-अप्पांना मराठीतून आपण कोण ते सांगितलं होतं. साईप्रिया खुर्चीत बसली. मोडलं, तिच्या मनात आलं. कुणाला काही बोलावं न लागता मोडलं.

पण गंगाबाई खुशीत होती. नवरा गेल्यापासून चेन्नईत तिच्याशी मराठीत भांडायलासुद्धा कुणी नव्हतं. आज दिवसभर कान तृप्त झाले. आणि असली खरं बोलणारी माणसं! बाकीची स्थळं नुसती गोड गोड बोलतात. तो कुत्रा तिनेच दिलेला, सोफ्यावर बसतो हेही खरंच. तिने भावजयीला कळवून टाकलं होतं की लग्न पक्कं समजा. मागून आईचा आवाज आला, हो हो, आमचं भाग्य. अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर होता. तेही म्हणाले, भाग्य.

पत्रिका झाली, अंतर झालं, देव झाला. आता साईप्रियाच उरली. घरातली गोष्ट, म्हणून ती घरातल्या भाषेत बोलली, एकेक शब्द शोधत:

"आत्या, मला हे लग्न नको. मला येथेच राहायाचे आहे."

गंगाबाई कौतुकाने आई-अप्पांना म्हणाली, "पाहिलंत? आजकालची पोर, आणि किती शुद्ध मराठी. हरीला अशीच पाहिजे."

शेडमध्ये चेन्नईहून निघालेलं अख्खं विमान बसलेलं होतं. साईप्रियाने फोन तोंडाजवळ घेतला आणि तेच तमिळमध्ये सांगितलं, गाईच्या मालकांना गोठ्याच्या पलीकडून सांगावं लागतं तितक्या जोराने.

"एनक्कु इन्द कल्याणम् वेण्डाम!"

शेडमधली कुणी अनोळखी बाई तमिळमध्ये म्हणाली, पोरीला नकोय ना, मग सोडा की. एका पुरुषाने त्याला दुजोरा दिला. कुणीतरी विचारलं, कुणाची मुलगी? बोटं कुणाकडे वळली असतील हे साईप्रियाला तंजावरात बसूनही दिसलं.

शेवटी आईचा आवाज आला, दबका, मराठीत.

"हळू बोल, साई. येथे सगळ्यांना कळते."

"म्हणूनच," साईप्रिया म्हणाली.