वीरभद्रकाकाच्या फुप्फुसाची समाधी

आमच्या वीरभद्रकाकाला शुक्रवारी पुरलं. हे झालंच न्हाई असं धरून पुढं वाचा, कारण त्या वक्ताला काका बांधावर बसून चहा पीत होता.

काकाच्या फुप्फुसात दुर्मिळ गाठ निघालती. कापली, पण थोडी राहिली. काढलेला तुकडा डॉक्टरांनी मेणाच्या ठोकळ्यात बसवून डबीत दिला. "सोमवारी मुंबईला न्या. हा तपासूनच गोळी ठरते. लागू पडली तर माणूस दहा-दहा वर्षं काढतो. ठोकळा एकच आहे, जपा."

मल्लम्मा आज्जीनं जपला. लेकराच्या अंगाचा तुकडा डबीत कसा ठेवायचा? आमच्यात जाळत न्हाईत, पुरतात. कावेरीकाकू केजला गाडीचं तिकीट काढायला गेलती, तेवढ्यात आज्जीनं स्वामी बोलावले, माझ्या बापाकडून खड्डा खांदून घेतला आणि बेल-विभूती वाहून ठोकळा रीतसर पुरला.

काकू आली. तिनं खोरं उचललं. आज्जी समाधीवर मांडी घालून बसली.

"आधी मला पूर."

"गोळी न्हाई भेटली तर लेकालाच पुरावं लागंल, आत्याबाई."

बापानं काकूचं मनगट धरलं. काकूनं खोरं त्याच्या तोंडावर आडवं हाणलं.

"वहिनी, दात पडले."

"गोळा करा, आत्याबाई पुरतील."

बापानं तिला लाथ घातली. ती बाभळीच्या काट्यात पडली, उठली आणि तिनं खोऱ्यानं त्याच्या गळ्याखालचं हाड मोडलं. बापानं दगड भिरकावला. तो स्वामींच्या कपाळात बसला आणि स्वामी मंत्र अर्धा ठेवून आडवे झाले. मी सोडवायला गेलो तर कुणीतरी माझी करंगळी चावली. आज्जीच असावी, दात कमी लागले.

"बास करा बे," म्हणत काका उठला. त्याचे टाके उसवले. सदरा लाल झाला. तो परत बसला.

मुडदा उकरायलेत असं कुणीतरी ठाण्यात कळवलं. हवालदार मुंजाजी आले. त्यांनी वही काढली.

"मयत कोण?"

"मी," काका म्हणाला.

त्यांनी तसंच लिहून घेतलं आणि समाधीभोवती दोरी बांधली. तहसीलदारांच्या हुकमाशिवाय आता मातीला हात लावायचा न्हाई.

शनिवारी कचेरीला कुलूप होतं. अर्ज मी दाराच्या फटीतून आत सरकवला:

मा. तहसीलदार साहेब, सदर मयताचे फुप्फुस जमिनीतून काढून मयतास परत मिळावे. मयत हयात असून त्याची मुंबईची गाडी उद्या दुपारी सुटते. तरी रविवारी कचेरी उघडून गाडीच्या आत हुकूम व्हावा, ही नम्र विनंती.