कॉलेज सोडून सगळं

घरच्या माणसाला पाहुण्यासारखं फिरवणं आत्याला बिलकूल खपत नसे, आणि भाची सकाळपासून तेच करत होती. "आत्या, इकडे उभी राहा, फोटो काढते. आत्या, हे बघ, तीनशे वर्षांचं घड्याळ." घड्याळ बंद होतं. "तीनशे वर्षांत एक घड्याळजी मिळाला नाही होय?" आत्या म्हणाली. बरोबर भाचीच्या दोघी मैत्रिणी होत्या, एक चष्मेवाली आणि एक उंच, दोघी मराठीच बोलणाऱ्या. त्या फिस्सकन हसल्या. भाची तोवर पुढच्या रस्त्याला लागलीसुद्धा.

पोरीची आई गेली तेव्हापासून तिला वाढवलं आत्यानं. जन्मभर खानावळीत चुलीपुढे डोळे जाळून तिला परदेशी शिकायला धाडलं, ते तिच्या हाताला दुसऱ्याचं खरकटं लागू नये म्हणूनच. गिऱ्हाइकाच्या ताटाकडे पोरीनं हात नेला की आत्या डोळे वटारायची. आता भेटीला आल्यापासून तिचं एकच पालुपद होतं: तुझं कॉलेज दाखव. आणि भाचीचं उत्तरही एकच: दाखवते गं, पळून जातंय का?

पूल झाला, बाग झाली, राजवाडा झाला. तिथे कुणा राजाचे जोडे काचेच्या पेटीत मांडून ठेवलेले.

"याचे जोडे बघायला मी समुद्र ओलांडला नाही," आत्या म्हणाली. "कॉलेज कुठंय?"

"आज सुट्टी आहे," भाची म्हणाली.

"रंगकाम चाललंय," चष्मेवाली त्याच दमात म्हणाली.

आत्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ती गप्प झाली. ती अशी गप्प झाली की खानावळीतलं मांजरसुद्धा उठून बाहेर जायचं.

"जेवून घेऊ या का?" उंच मैत्रीण घाईनं म्हणाली.

जेवायची जागा साधीच, आपापलं ताट आपण आणायचं अशी. भाची उठली आणि चौघींचं एकदमच घेऊन आली. डाव्या हाताच्या बोटांत एक ताटली, मनगटावर दुसरी, कोपराच्या खळगीत तिसरी, उजव्या हातात चौथी. गर्दीतून आधी खांदा काढत, "मागे आहे, मागे आहे" असा पुढच्यांना सावध करणारा आवाज टाकत आली. रश्शाचा थेंब सांडला नाही. आत्याचा शेवटचा घास चालला होता तोवर तिघींचं उष्टं एका ताटलीत निपटून तिनं बाकीच्या दोन खाली रचल्या, टेबलावरचा चुरा तळहातावर ओढून घेतला. तिचं तिलाच कळलं नाही.

आत्याला कळलं. वाढप्यांचे असे हात ती उभा जन्म बघत आली होती. असा हात बसायला महिने जातात.

"कॉलेज कधी सोडलंस?"

चष्मेवाली रिकाम्या ग्लासात बघू लागली.

भाचीनं चुरा ताटलीत झटकला. "दुसऱ्या परीक्षेत नापास झाले. पुन्हा बसायचा धीर झाला नाही. स्टेशनजवळच्या हॉटेलात वाढते. तुला कुठल्या तोंडानं सांगू? जन्मभर ताटाला हात लावू दिला नाहीस."

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. आपली ताटली त्या चळतीवर ठेवली.

"नापास झालीस, माणसं होतात. ताटं वाहतेस, तर माझ्यापेक्षा बरी वाहतेस, खोटं कशाला बोलू? पण घरच्या बाईला पाहुणी करून राजाचे जोडे दाखवत हिंडवलंस ना, ते मी मरेपर्यंत बोलून दाखवणार. ऊठ आता. ते हॉटेल दाखव."