देव उजव्या हाताला

नवव्या फेरीला सरिता खाली बसली. ती बसणार हे मला ठाऊक होतं, म्हणून माझं डोकं सातव्या फेरीपासूनच तापत आलं होतं.

आमची टेकवाडी लासलगावच्या अलीकडे, हमरस्ता सोडून दोन किलोमीटर आत. गावाला खंडोबाची टेकडी आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी गोल रस्ता आहे, बरोबर तेराशे मीटरचा. मी स्वतः टेप लावून मोजलेला. मी वाल्मीक, गावच्या हायस्कुलात पी.टी.चा मास्तर. अठरा वर्षं पोरंपोरी पळवली ती याच रस्त्यावर. सरिता माझी जुनी विद्यार्थिनी. शेजारच्या वस्तीवरची पोर, पुढे गावातच सून म्हणून आली. नवरा किशोर ट्रॅक्टरवर होता, कांद्याच्या ट्रॉल्या लासलगावला न्यायचा.

ही गोष्ट डिसेंबर २००२ ची. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी नाशिकला मॅरेथॉनची निवड चाचणी होती. पहिल्या तिघींना राज्याच्या संघात जागा, आणि त्या सर्टिफिकेटावर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज. सरिता सत्तावीस वर्षांची. पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं. आधीच्या दोन चाचण्यांत एकदा अठ्ठाविसाव्या किलोमीटरला थांबली, एकदा पंचविसाव्या. ही तिसरी आणि शेवटची, आणि हातात राहिले होते साडेपाच आठवडे.

दुखणं असं की कुणाला सांगितलं तर खोटंच वाटावं. डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू; आधीच्या दोन्ही चाचण्यांत तीच नडलेली, यंदा आणखी लवकर उसळणारी. पहिल्या आठ फेऱ्या हरणासारखी पळायची. नवव्या फेरीला तिथं कुणी सुरी खुपसावी तसं व्हायचं. खाली बसली की दहा मिनिटांत कळ गायब. चालताना काही नाही, हंडा उचलताना काही नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाड ठणठणीत निघालं. मांडीच्या बाहेरची शीर घासते म्हणाले, तीन आठवडे आराम आणि बर्फ सांगितला, आणि वर म्हणाले, "आता पुन्हा उसळलं तर यंदाची शर्यत विसरा." तीन आठवडे तिनं पाय जपला. चौथ्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी पुन्हा नववी फेरी, पुन्हा तेच.

"उठ," मी म्हणालो.

"सर, तिथंच कळ आली."

"डॉक्टर म्हणाले हाड चांगलंय."

ती गुडघा दाबत म्हणाली, "सर, रस्ता कलल्यासारखा वाटतो. डावा पाय खाली पडतो माझा, दर पावलाला."

माझा ताबा सुटला. शाळेची सातआठ पोरं उभी होती, त्यांच्यासमोर मी ओरडलो, "नाचता येईना अंगण वाकडं! रस्ता मी मोजलाय. पाय नाही दुखत तुझा, मन कामचुकार आहे. तुझ्यात दमच नाही!"

सरितानं बुटाची नाडी बांधली आणि माझ्याकडे न बघता घरी गेली.

ते शब्द माझे नव्हते, हे सांगायला हवं. १९८१ साली मी तेवीस वर्षांचा असताना याच टेकडीच्या रस्त्यावर तयारी करून नाशिकला मॅरेथॉन पळालो होतो. तिसाव्या किलोमीटरला गंगापूर रोडवर एका रसवंतीसमोर बसलो तो उठलोच नाही. वडील सायकलवर मागून येत होते. चारचौघांत म्हणाले, "तुझ्यात दमच नाय." मला ते पटलं. इतकं पटलं की पुढे मास्तर झाल्यावर मी जिद्द या एकाच औषधावर सगळी पोरं वाढवली. माझा डावा गुडघा थंडीत अजून ठणकतो, पण त्याची वाच्यता मी बायकोजवळसुद्धा कधी केली नाही.

संध्याकाळी राहवेना, म्हणून सरिताच्या घरी गेलो. माफी मागायला नव्हे, समजूत घालायला. माफी मागायची सवय आमच्या खात्यात नसते. सरिता घरात होती, बाहेर आली नाही. तिची सासू धोंडाबाई खळ्यावर बाजरीची मळणी करत होती. गावात मळणीयंत्र येऊन जमाना झाला, पण म्हातारीची बाजरी बैलांच्याच पायाखाली निघायची. मधल्या मेढीच्या खांबाभोवती दोन बैल फिरत होते. मला बघून तिनं बैल थांबवले, आतला बैल सोडून बाहेर बांधला, बाहेरचा आत घेतला आणि मग दोघांना तोंड फिरवून उलट्या दिशेनं हाकललं.

"हे कशाला?" मी उगीच विचारलं.

"एकाच हातानं फिरवले तर बैलाचा पाय जातो, मास्तर. लंगडा बैल कोण सांभाळतं?" दोन पावलं चालून ती थांबली. "आमची पोर कोणत्या हातानं फिरती हो?"

"म्हणजे?"

"टेकडीला. देव उजव्या हाताला ठेवून ना?"

"मग काय! प्रदक्षिणेचाच रस्ता आहे तो."

"कायम?"

"कायम."

धोंडाबाईनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "बैलाला कळतं ते आपल्याला कळंना, मास्तर," एवढंच बोलली आणि बैलांच्या मागं गेली.

मी तसाच टेकडीच्या पायथ्याशी आलो. नळावर कळशी भरली आणि रस्त्याच्या मधोमध ओतली. पाणी जागेवर थांबलं नाही. सगळंच्या सगळं बाहेरच्या चारीत गेलं. टेकडीचं पावसाचं पाणी निघून जावं म्हणून करणाऱ्यांनी रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता केलेला होता, हातभर अंतराला बोटभर उतार. देव उजव्या हाताला ठेवून पळालं की डावा पाय प्रत्येक पावलाला बोटभर खाली. तेराशे मीटर, नऊ फेऱ्या, वर्षानुवर्षं. मी लांबी मोजली होती, उतार कधी बघितला नव्हता. अंगण खरोखरच वाकडं होतं.

तिथून मल्हारीच्या पिठाच्या गिरणीवर गेलो. हाही माझा जुना विद्यार्थी, १९९३ साली पळण्यात जिल्ह्यात दुसरा आलेला, पुढच्या वर्षी पळणं सोडून दिलेला. मी त्यालाही काय काय बोललो होतो.

"मल्हारी, तुझा गुडघा कोणता गेला होता?"

"डावा. का, सर?"

"कोणत्या बाजूनं दुखायचा?"

त्यानं पिठाचा हात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवला. मी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बघितला. तीच जागा. गिरणीच्या आवाजात मी रडलो तर मल्हारीला वाटलं डोळ्यात पीठ गेलं, त्यानं पाणी आणून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, उलट्या बाजूनं पळा. तुम्ही टेकवाडीचे नाही. आमच्याकडे त्या रस्त्यावर बैलगाडीसुद्धा देव उजव्या हाताला ठेवून जाते, मग भले वळसा पडो. उलट्या बाजूनं एकच जातं, ते म्हणजे मयत. देव डाव्या हाताला ठेवून तिरडी स्मशानात नेतात. जिवंत माणूस उलटा फिरला तर घरातलं कुणीतरी त्याच वाटेनं जातं, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी विज्ञानाचे तास घेतलेला माणूस, पण दुसऱ्या दिवशी एकटाच उलटा उभा राहिलो तेव्हा दहा पावलांवरून परत फिरलो. हमरस्त्यावर पळवावं तर पहाटेपासून कांद्याच्या ट्रॉल्या आणि ट्रक, बाजूला पाय टेकवायला जागा नाही. बाकी सगळीकडे नांगरटीची काळी ढेकळं.

सरिताला सगळं सांगितलं. कामचुकार म्हणालो त्याबद्दल मात्र तोंडातून शब्द निघाला नाही. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मी नाय जाणार सर उलटी. पोलीस नाय झाले तरी चालंल. ह्यांचं चाक रोज रस्त्यावर असतं."

किशोर दारातच उभा होता. तो काही बोलणार तेवढ्यात धोंडाबाई चुलीपुढून उठली. "पोर कोणाचं हाय ते? माझं. मग भ्यायचं तर मी भ्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी पायथ्याशी आली. अनवाणी, कपाळाला भंडारा. टेकडीकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "देवा, पाय बरा व्हावा म्हणून चाललो. काय धरायचं असंल तर मला धर, पोराला नको." आणि देव डाव्या हाताला ठेवून चालू लागली. तिच्यामागं सरिता. म्हातारीला एका फेरीला अर्धा तास लागला, तेवढा वेळ सरिता मागं चालत राहिली. मग पळाली. पायथ्याच्या ओट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली होती.

त्या दिवसापासून एक दिवस सुलट, एक दिवस उलट. नववी फेरी आली. नववी गेली. दहावी गेली. दुसऱ्या आठवड्याला सोळा झाल्या. कळ आली नाही असं नाही. दोनदा बारीक चमकली, पण बसण्याइतकी नाही.

आणि तिसऱ्या आठवड्यात किशोरची ट्रॉली उलटली.

बातमी शाळेत आली. धावत गेलो तर दारात गर्दी आणि धोंडाबाई उंबऱ्यावर, तोंडात पदर कोंबलेला. सरिता भिंतीला टेकून उभी होती. सगळे तिच्या पायांकडे बघत होते, मीसुद्धा. तासाभरानं किशोर कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला. कोपर सोललेलं, कपडे कांद्यानं माखलेले.

"मेलेलो नाय," तो गर्दीला म्हणाला. "टायर गुळगुळीत झालं होतं सहा महिन्यांपासून. मालकाला चारदा सांगितलं. आता टायरसाठी पण खंडोबाला धरणार का?"

तरी सरिता पाच दिवस घराबाहेर पडली नाही. सहाव्या दिवशी सकाळी पाहतो तर किशोरच तिला घेऊन टेकडीला आलेला. कोपराला पट्टी, पायात चप्पल, आणि गडी उलट्या बाजूनं तिच्यापुढं धावतोय. अर्ध्या फेरीत धापा टाकत बसला, पण सरिता पुढं गेली. त्या दिवशी मी तिला फेऱ्या मोजून सांगितल्या नाहीत.

चाचणीच्या दिवशी नाशिकला कडाक्याची थंडी होती. किशोर आणि धोंडाबाई शेवटच्या रेषेजवळ थांबली. म्हातारीनं बर्फाची लादी पोत्यात भुसा घालून गुंडाळून आणली होती, पोरीचा पाय उसळला तर लावायला. मी माझ्या एम-एटी गाडीवरून आडवाटांनी पुढे पुढे जात होतो. पंचविसाव्या किलोमीटरला ती सहावी. अठ्ठाविसाव्याला पाचवी. पुढे मी तिसाव्याला गेलो. गंगापूर रोडवर, जिथं ती रसवंती होती तिथं. आता तिथं मोबाइलचं दुकान झालंय. मी गाडी लावली आणि बसलो नाही, उभाच राहिलो.

ती लांबून दिसली. चौथी. जवळ येत असताना तिचा हात खाली डाव्या गुडघ्याकडे गेला. मनात आलं, बस म्हणावं. ओरडून सांगावं, बस, पोरी, कुणी काही म्हणणार नाही. तिनं गुडघ्यावरचा घामानं घसरलेला पट्टा ओढला, उपटून काढला आणि माझ्याकडे फेकला.

"काचतोय नुसता," म्हणाली आणि गेली.

शेवटचे दोन किलोमीटर मला बघता आले नाहीत, रस्ता बंद होता. मी पोचलो तेव्हा किशोर रस्त्यावरच फतकल मारून रडत होता. मला वाटलं संपलं सगळं. मग त्यानं तीन बोटं वर केली.

सरिता दुभाजकाच्या कठड्यावर बसली होती, ओठ पांढरे पडलेले. धोंडाबाई तिचा गुडघा दोन्ही हातांनी चाचपत होती. "दुखतंय का गं?"

"सगळंच दुखतंय, आत्या. गुडघा तेवढा नाय."

मी समोर उभा राहिलो. साडेपाच आठवडे जे तोंडातून निघालं नव्हतं, ते बाहेर काढलं. "सरिता, मी त्या दिवशी तुला कामचुकार म्हणालो. चुकलं माझं. दोष रस्त्याचा होता आणि रस्ता मी निवडला होता."

तिनं घोटभर पाणी प्यायलं. "मला एकदाच म्हणालात सर," ती म्हणाली. "स्वतःला एकवीस वर्षं म्हणत आलात."

"तुला कसं माहीत?"

"रसवंतीची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे, सर. आणि पाय मी शाळेत असल्यापासून बघते. थंडीत जिना उतरताना तुम्ही दर पायरीला डावाच पाय आधी टाकता, तो वाकवायला नको म्हणून."

धोंडाबाईनं माझ्याकडे बघितलं, पोतं सोडलं, भुसा झटकला. "हा बर्फ परत कोण वाहून नेणार?" ती म्हणाली. "बसा मास्तर. पँट वर घ्या."

मी बसलो.