समोर बसून काढलेला नऊ

"ह्यो आठ झाला," माहीन म्हणाली. "आता रोमन नऊ काढ."

महेरुन्निसाने मेंदीचा कोन उचलला आणि पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटावर आधी एक फुली काढली. मग फुलीच्या डाव्या अंगाला एक उभी रेघ. रेघ सरळ आली. नवऱ्या मुलींच्या हातांवर कोपरापर्यंत वेली चढवणाऱ्या बाईला एक फुली आणि एक रेघ म्हणजे काहीच नव्हतं. तरी कोन खाली ठेवताना तिच्या कपाळावर घाम होता.

"नऊ," ती म्हणाली. "व्हय ना?"

"व्हय. आणि रेघ उजवीकडं गेली तर?"

"तर अकरा. डावीकडची रेघ दहातला एक खाते, उजवीकडची एक देते."

"पास झालीस." माहीनने कॉलेजची पिशवी खांद्याला लावली. "पन अम्मी, एवढं घोकून करायचंय काय? भाईजानला सगळं ठाव हाय. पाकिटात त्याचं कार्ड हाय."

"आनि पाकीट घरी ऱ्हायलं म्हंजे?"

भाईजान, म्हणजे तबरेज, रेवदंड्यात असो, अलिबागला असो, त्याचं पाकीट मात्र खुंटीवरच्या कालच्या पँटमध्ये आरामात बसलेलं असायचं. घरात त्याच्याइतकं स्थिर दुसरं कुणी नव्हतं.

तबरेजला हिमोफिलिया होता; त्याचं रक्त लवकर गोठत नसे. रक्त थांबायला शरीरात जे घटक, म्हणजे फॅक्टर, लागतात, त्यांतला नववा त्याच्यात जन्मापासून नसल्यासारखाच. लागलं, सुजलं की तो घटक सुईने द्यावा लागे. अशा आजाराच्या बहुतेक मुलांत आठवा घटक कमी असतो, त्यामुळे दवाखान्यात आठची खोकी जास्त. दोन्ही खोकी जुळ्या भावांसारखी. एकावर VIII, दुसऱ्यावर IX, एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षी त्याचा गुडघा सुजला तेव्हा एका दवाखान्यात सिस्टरने घाईत आठचं खोकं आणलं. तबरेजने पडल्या पडल्या वाचलं आणि म्हणाला, "सिस्टर, मला नऊ लागतं." तिने जीभ चावली, खोकं बदललं, गोष्ट तिथेच संपली. बाप मस्कतला नोकरीला; घरी आल्यावर बापलेकांनी फोनवर त्याचा विनोदही केला. महेरुन्निसाला हसू आलं नाही. त्या वेळी ती पलंगाशेजारीच उभी होती. ते खोकं तिच्या नाकासमोरून गेलं होतं आणि तिला त्यात फक्त काड्या दिसल्या होत्या. चौथीपर्यंत उर्दू शाळा झालेली, एसटीची पाटी वाचणारी ती बाई. पोरगा शुद्धीत नसता तर तिने त्या काड्यांकडे नुसतं बघत राहायचं होतं का?

तिचा भाऊ अब्दुस्समद असाच गेला होता. दाढ काढली आणि रक्त थांबलंच नाही. तेव्हा सगळे म्हणाले, नजर लागली. पुढे तबरेजचा आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या माहेरी कुणाला होतं का? हा आजार आईकडून मुलाला येतो, हे तिला तेव्हा कळलं. नवऱ्याने कधी बोल लावला नाही, सासूनेही नाही. ते काम तिने स्वतःकडे घेतलं होतं.

दवाखान्यातून तिने दोन्हींचं एकेक रिकामं खोकं मागून आणलं. ती तिच्या मेंदीच्या पिशवीतच असत. कुठे लग्नघरी चहा यायला उशीर झाला की काढून बघायची.

आणि आता तबरेजला न्हावा शेव्याला नोकरी लागली होती. एका गोदामात, कॉम्प्युटरवर. राहायला उरणात खोली, सोबत कामावरचाच कान्हा नावाचा मुलगा.

शुक्रवारी नमाज पढून तो आला, जेवला, बॅग दाराशी ठेवली. महेरुन्निसा कोन घेऊन बसलेलीच होती.

"हात दे."

"अम्मी, मी काय नवरी हाय?"

"आतल्या बाजूला काढते. बाही खाली केली का कुनाला दिसनार न्हाय."

"पुरुषानं मेंदी लावायची नसते."

"शोभेला लावायची नसते. ही दवा समज."

तबरेजने दाराबाहेर पाहिलं. शेजारचे दोघे ओट्यावर बसून हसत होते. "आणि ती पुसली म्हंजे?"

"पंधरा दिवसांत पुसते. मग येऊन परत काढून जा."

आता त्याला सगळा डाव कळला. "म्हणजे पंधरा दिवसांनी हजेरी लावायची, असं सरळ सांग ना."

तिने कोनाचं टोक दाबून बघितलं. त्यानेही जास्त ताणलं नाही. गाडी चुकली असती. चटईवर बसून त्याने उजवा हात पुढे केला. ती नेहमीसारखी समोर मांडी घालून बसली, त्याचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि मनगटाच्या वर, आतल्या कातडीवर, माहीनने लिहून दिलेलं 'हिमोफिलिया'चं H अक्षर, मग रेघ, मग फुली काढली. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. नऊ. मेंदी वाळेपर्यंत तो हात लांब धरून, तोंड दुसरीकडे करून बसला. लाज वाटत होती त्याला. तिला कळत होतं आणि तरी ती सुटकेचा श्वास टाकत होती.

त्याच आठवड्यात चौलला दिशा नावाच्या मुलीची हळद होती. महेरुन्निसा तिच्या समोर बसून डाव्या तळहातावर मोर काढत होती. मोराची मान झाली, पिसारा व्हायचा होता, आणि पिशवीतला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"काकी, मी कान्हा बोलतंय, तबरेजच्या रूमवरचा. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? तिच्या हातातला कोन दाबला गेला आणि मोराच्या मानेवर मेंदीचा गोळा पडला.

"आमी दोघं गारीवरनं परलो. खड्डा व्हता. मना काय न्हाय झाला, त्याच्या डोक्याला लागलाय. बोलतो, पन मधीच झोपतो. त्याचा पाकीट रूमवर ऱ्हायलाय, आनायला मानूस पाठवलाय. त्याच्या फोनला लॉक हाय. तुमचा नंबर माज्याकडं व्हता म्हनून... थांबा, डॉक्टरबाई बोलतायत."

डॉक्टरचा आवाज शांत होता, पण भरभर येत होता. "तुमच्या मुलाला रक्त न गोठण्याचा आजार आहे ना? त्याच्या हातावर H आणि अकरा लिहिलंय, म्हणजे फॅक्टर अकरा. अकरा आमच्याकडे नाही. फार कमी जणांना लागतं ते. मुंबईला हलवावं लागेल. तुम्हाला नक्की माहीत आहे का?"

"अकरा न्हाय," महेरुन्निसा म्हणाली. "नऊ."

"ताई, हातावर स्पष्ट अकरा आहे. फुली, मग रेघ."

रेघ उजवीकडे गेली होती? तिने तर दोनदा वाचलं होतं. की माहीनने शिकवलं तेच तिच्या डोक्यात उलटं बसलं होतं? ताटावर शंभरदा बरोबर काढलेला आकडा नेमका पोराच्या हातावर चुकला होता? जन्मभर तोंडपाठ असलेला 'नऊ' हा शब्दसुद्धा तिला एकाएकी खोटा वाटायला लागला.

"नऊ आमच्याकडे आहे," डॉक्टर म्हणत होत्या, "पण चुकीचं देऊन वेळ घालवता येणार नाही. डोक्याचा मार आहे. काही कागद, रिकामं खोकं, काही आहे का तुमच्याजवळ?"

तिने पिशवी चटईवर उपडी केली. कोन गडगडत गेले. एक खोकं हाताला लागलं, लांबलचक आकड्याचं, आठचं. ते तिने टाकून दिलं. दुसरं उचललं, डोळ्यांसमोर धरलं. फुली आणि मग रेघ. अकरा.

मग तिचं लक्ष बाजूच्या बारीक छपाईकडे गेलं. तिला ती वाचता येत नव्हती, पण त्यातलं बाटलीचं चित्र बूच खाली आणि बूड वर असं उभं होतं. तिने खोकं फिरवलं. बाटली सरळ झाली. रेघ आणि मग फुली. नऊ.

समोर दिशाचा तळहात तसाच पसरलेला होता, बोटं महेरुन्निसाकडे आणि मनगट दिशाकडे. मोर महेरुन्निसाला सरळ दिसत होता. दिशाला तो उलटाच दिसत असणार. इतकी वर्षं ती अशीच समोर बसून काढत आली होती. फुलाला, वेलीला, मोराला त्याने काही फरक पडत नव्हता. नवरी हात फिरवून बघायची, की झालं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "त्याच्या बोटांकडनं बघा. डोक्याकडनं नको. मी समोर बसून लिवलाय."

पलीकडून पलंगाभोवती फिरणारी पावलं ऐकू आली.

"खोक्याचा फोटो पाठवा," डॉक्टर म्हणाल्या. "लगेच."

महेरुन्निसाची बोटं मेंदीने माखली होती, फोनवर नीट चालेनात. दिशाने कोऱ्या हाताने फोन घेतला, खोकं चटईवर सरळ ठेवून फोटो काढला आणि पाठवला. तेवढ्या गडबडीत तिचा अर्धा मोर कोपराला पुसला गेला.

"मिळाला," डॉक्टर म्हणाल्या. "नऊच आहे. देतोय." आणि फोन बंद झाला.

दिशाच्या वडिलांनी गाडी काढली. उरणपर्यंत महेरुन्निसा ते खोकं मुठीत धरून बसली होती, आणि ओठांतल्या ओठांत दुवा चालली होती. मध्येच दुवा तुटायची आणि रेघ डावीकडे, रेघ उजवीकडे सुरू व्हायचं. अब्दुस्समदच्या वेळी ती लहान होती, तिच्या हातात काही नव्हतं. आज होतं, आणि तेच उलटं निघालं होतं.

तबरेजच्या डोक्यात थोडंसं रक्त साकळलं होतं. वेळेत औषध मिळालं, ते वाढलं नाही. संध्याकाळी त्याने डोळे उघडले, आईला पाहिलं आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, की पाकीट मिळालं का.

घरी आल्यावर महेरुन्निसाने ताट घासून फडताळात ठेवलं आणि कोन माळ्यावर टाकले. दोन दिवस ती मेंदीच्या कामालाही गेली नाही. शेवटी माहीननेच विषय काढला.

"माझ्या हातानं झालं ते," महेरुन्निसा म्हणाली. "लिवलं नसतं तर बरं झालं असतं."

"लिवलं नसतं तर त्यांना आजाराचा पत्ताच नसता, अम्मी. ते आधी टाके घालत बसले असते. हात बघितला म्हणून तर फोन केला."

महेरुन्निसाला हे पटलं की नाही, कोण जाणे. पण संध्याकाळी तिने कोन माळ्यावरून खाली काढले.

परत कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी तबरेज स्वतःच तिच्याजवळ आला. कपाळाच्या कडेला टाक्यांची खूण होती. हातावरची जुनी मेंदी फिकट नारिंगी होऊन मिटत आली होती. ओट्यावर शेजारचे दोघे बसलेले होते, तरी त्याने बाही वर सारली.

"काढ," तो म्हणाला.

तिने कोन घेतला आणि सवयीने त्याच्या समोर बसली. बसली आणि तशीच थांबली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, चटईला वळसा घालून त्याच्या बाजूला येऊन बसली. खांद्याला खांदा लागला. त्याचा हात तिने आपल्या मांडीवर घेतला. असं बसून काढायची तिला सवय नव्हती; कोपर अडखळत होतं, रेघ जरा जाड आली. मग फुली. आणि खाली एक लांब आडवी रेघ मारली, जमीन काढावी तशी, म्हणजे कुणीही बघितलं तरी आकडा कुठल्या बाजूने उभा आहे ते कळावं.

"काय दिसतंय तुला?" तिने विचारलं.

"नऊ."

"मना पन."

तबरेजने हात काढून घेतला नाही. मेंदी वाळेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले, एकाच बाजूला तोंड करून.