सव्वीस वाव

गल्लीतले सगळे तिला दोरवाली म्हणायचे. सदतीस वर्षं कारखान्यात दोर वळून ती गेल्याच महिन्यात निवृत्त झाली होती. हाताला चैन पडेना म्हणून घरातल्या सगळ्या पिशव्यांचे बंद तिने नव्याने वळून टाकले होते. बाई फटकळ, कुणाला न भिणारी. कारखान्याच्या मॅनेजरला तिने एकदा सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "तुमच्यापेक्षा चाक बरं, तेल घातलं की गप्प बसतं." पण तळ्याचं नाव निघालं की हीच बाई विषय बदलायची.

म्हणायला तळं. पलीकडचा काठ फक्त स्वच्छ दिवशी दिसायचा, तोही भुवईएवढा. पाणी काठाशी हिरवं आणि पुढे एकदम काळं. ती सात वर्षांची असताना तिचा बाप, तोही दोर वळणाराच, होडी घेऊन मधोमध गेला, दोराचं अख्खं वेटोळं पाण्यात सोडून आला आणि घरी येऊन म्हणाला, "त्याला तळच नाही." झालं. बुडायची भीती तिला कधी वाटली नाही. बुडणारा निदान कुठेतरी जाऊन टेकतो. इथे टेकायचंच नाही, नुसतं काळोखात खाली खाली जायचं, या विचाराने तिची पाचावर धारण बसायची.

आणि लेकीचं घर नेमकं पलीकडच्या काठावर. लाँचने चाळीस मिनिटं. दोरवाली मात्र दोन बस बदलून पाच तासांनी पोचायची आणि अंग आंबलेलं असतानाही "तेवढीच हवा बदलते" म्हणायची. आजवर हे खपून गेलं. आता नात पाच महिन्यांची झाली होती आणि सोमवारपासून लेकीला दवाखान्यात कामावर रुजू व्हायचं होतं. लेकीचं घर एका खोलीचं, तिथे कायमचं राहायला जाणं शक्य नव्हतं. रोज सातच्या लाँचने आजी आली तरच जमणार होतं.

"आई, मी तुला जबरदस्ती करणार नाही," लेक फोनवर म्हणाली. "शनिवारपर्यंत सांग. नाहीच जमलं तर मी राजीनामा देते."

लेक भांडली असती तर हिनेही चार शब्द सुनावले असते. तिचं ते समजूतदार बोलणंच दोरवालीला झोंबलं.

नवरा न्हावी होता. दुकान बंद करून तो वर आला, तर बायको भिंतीकडे बघत बसलेली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," तो म्हणाला. "तुझ्या बापाचा सुंभ माळ्यावर आणि पीळ तुझ्यात."

"कुठला सुंभ?"

"तळ्यात सोडला होता तोच. रंग द्यायच्या वेळी गाठोडं उघडलं होतं मी."

बाप गेल्यावर ते गाठोडं तसंच माळ्यावर गेलं होतं, तिने कधी सोडलं नव्हतं. आता तिने स्टुलावर चढून ते खाली ओढलं. आत काथ्याच्या सुंभाचं वेटोळं होतं आणि टोकाला पेटीचं एक गंजकं कुलूप.

ती मटकन खाली बसली. कोरडा सुंभ पाण्यावर तरंगतो, कारखान्यात नव्या पोरींना हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्यात वजन म्हणून बोटभर कुलूप. वारा होडी ढकलणार, सुंभ पाण्यावर आडवा पसरत जाणार. तो खोल जाणार कसा?

"अहो, बाबांना हे कळलं नसेल?"

"जन्मभर दोर वळणाऱ्या माणसाला?" नवरा म्हणाला. "तेव्हा तू काठावर किती वेळ असायचीस?"

दिवसभर. आणि पोहता येत नव्हतं. तिला आधी बापाचा असा राग आला की कुलूप भिरकावून द्यावंसं वाटलं. मग हसू आलं, आणि हसता हसता रडू. पोरीला पाण्यापासून लांब ठेवायला त्या माणसाने तळ्याचा तळ काढून घेतला होता, आणि परत ठेवायचं विसरून गेला होता.

"उद्या मी मोजून येतो," नवरा म्हणाला.

"तुमच्या हाताला केस कळतात, दोर नाही. आणि ऐकीव गोष्टीवर मी एकदा फसलेय."

दाराच्या कडीला अडकवून तिने दोन दिवसांत अंबाडीचा दोर वळला. दोन्ही हात पसरले की एक वाव. दर वावेला तिने लाल दोरा गुंफला, साठ वाव भरल्यावर दोर रात्रभर बादलीत भिजवला, आणि वाण्याकडून पाच किलोचं वजन मागून आणलं.

खोटं उघडं पडलं म्हणून भीती निमूटपणे चालती होत नाही. शनिवारी दुपारी लाँचच्या फळीवर पाय ठेवला आणि ती तिथेच अडली. नवऱ्याने दंड धरला. अर्ध्या वाटेपर्यंत ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

"काकू, मधे लाँच थांबवायची नसते," लाँचवाला म्हणाला.

"थांबवू नकोस. इंजिन बंद कर, ती आपोआप थांबेल."

"अहो, उशीर होतो."

"तुझ्या लाँचचे दोर सदतीस वर्षं मीच वळलेत. एक तरी तुटलाय?"

लाँचवाल्याने इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. वारा पडलेला होता. दोरवालीने कठड्यावरून खाली पाहिलं. ते काळं पाणी तसंच होतं, सात वर्षांच्या पोरीचं. हात बधिर झाले. घरी परत जावं, लेकीने राजीनामा द्यावा, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. त्या विचाराची तिला लाज वाटली, आणि तिने वजन पाण्यात सोडलं.

दोर तळव्यातून सरसरत निघाला तसे हात जागे झाले. हे त्यांचं काम होतं.

"एक," ती म्हणाली. "दोन."

दहाला दोन उतारू उठून जवळ आले. पंधराला सगळी लाँच मोजत होती आणि लाँचवाला "सगळे एका बाजूला नका येऊ" म्हणत स्वतःच वाकून बघत होता. वीस. तिच्या कपाळावर घाम आला. पंचवीस. सव्वीस.

दोर सैल पडला.

तिने तो हातभर उचलून पुन्हा सोडला. खालून हाताला टिचकी बसली. पुन्हा उचलला, पुन्हा टिचकी.

"सव्वीस वाव," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "अहो, ऐकलंत का? एवढा दोर तर मी पहिल्या चहाआधी वळायचे!"

सगळी लाँच हसली. नवऱ्याने टाळी वाजवली आणि मग गुपचूप डोळे पुसले. वजन वर आलं तेव्हा त्याला काळा, मऊ चिखल चिकटला होता. तिने तो रुमालात बांधून घेतला. उरलेली वाट ती कठड्यापाशी उभी राहिली, पाण्याकडे बघत, उसनं दिलेलं काही परत मिळाल्यासारखी.

धक्क्यावर लेक नातीला घेऊन उभी होती. आई बसने येईल की येणारच नाही, या विचारात असलेल्या लेकीला आई लाँचमधून उतरताना दिसली आणि ती नातीला घेऊन फळीपर्यंत धावत आली.

"राजीनामा लिहिला असशील तर फाड," दोरवाली म्हणाली. "सोमवारी सातच्या लाँचने येते."

मग तिने रुमाल सोडून नातीपुढे धरला. पोरीने चिखलात बोट खुपसलं.

"हा तळ्याचा तळ," आजी तिला म्हणाली. "सव्वीस वावांवर आहे, मी मोजलाय. आणि पोहायला शिकल्याशिवाय काठावर जायचं नाही. आपण दोघी शिकू."